मदत हवी आहे: वडिलांचा रॉटवायलर कुत्रा (३ वर्षं, ५७ किलो) फ्लॅटमध्ये आणायचाय

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ. जरा लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, जानेवारीत गेले. सासवडजवळ आमची अंजिराची बाग आहे, तिथे ते आणि आई राहायचे आणि त्यांच्याबरोबर वाघ्या. रॉटवायलर, नर, नसबंदी केलेली नाही. आईला आता तिथे एकटं ठेवणं शक्य नाही, ती पुण्यात आमच्याकडे येतेय, आणि वाघ्याचं काय यावरून घरात रोज वाद चाललेत. चुलतभाऊ म्हणतो बागेतच राहू दे, गडी दोन वेळ खायला घालेल, साखळीला बांधून ठेवू, राखण पण होईल. मला ते अजिबात पटत नाहीये. अण्णांनी त्याला एक दिवस साखळी लावली नाही, रात्री सुद्धा तो त्यांच्या खाटेखाली झोपायचा. आता संध्याकाळी मोटर बंद करायच्या वेळेला उठतो, फाटकापाशी जाऊन बसतो आणि आईने आत बोलावलं तरी अंधार पडेपर्यंत हलत नाही.

येणारा जाणारा घाबरला की अण्णा सांगायचे, अहो हा मुळात गुराखी आहे. जर्मनीत रॉटवाइल म्हणून गाव आहे त्यावरून हे नाव, रोमन सैन्याबरोबर चालत गेलेल्या गुरं हाकणाऱ्या कुत्र्यांचे हे वंशज मानतात, पुढे तिथले खाटीक गुरं बाजाराला न्यायला यांना वापरायचे आणि येताना विक्रीच्या पैशांची थैली कुत्र्याच्या गळ्यात बांधायचे अशी गोष्ट सांगतात. मग रेल्वे आली, गुरं पायी न्यायचं बंद झालं आणि जात संपायलाच आली होती, १९१० च्या सुमारास जर्मन पोलिसांनी घेतली म्हणून टिकली. हे इथे सांगायचं कारण म्हणजे माझा मुख्य प्रश्न यातूनच येतो.

माझी मुलगी ५ वर्षांची आहे. दिवाळीत ती विहिरीच्या बाजूला पळत निघाली, तर वाघ्या मधे गेला आणि खांद्याने तिला असं ढकललं की ती पडली, गुडघा फुटला. दात लावला नाही, भुंकला नाही, फक्त अंगाने रेटत रेटत तिला अंगणाकडे आणलं. नवरा म्हणतो अटॅक केला. अण्णा म्हणाले होते की वासराला हाकतात तसं हाकलं त्याने. मला अण्णांचंच बरोबर वाटतं, पण ५७ किलोचं धूड १८ किलोच्या पोरीला हाकणार असेल तर नुसता हेतू चांगला असून काय करू? हॉलमध्ये ती दिवसभर पळतच असते. ही ढकलायची सवय ट्रेनिंगने जाते का, की कुठल्यातरी दुसऱ्या कामाकडे वळवावी लागते?

दुसरं म्हणजे त्याचा घशातला आवाज. तो येऊन सगळं वजन टाकून पायाला टेकून उभा राहतो, आणि मानेखाली खाजवलं की जात्यासारखी घरघर सुरू होते. डोळे अर्धे मिटलेले, तोंड सैल, अंग ढिलं. गुरगुरणं हे नव्हे हे मला आता कळतं, कारण खऱ्या गुरगुरण्यात तो दगडासारखा ताठ होतो, तोंड घट्ट मिटतं आणि नजर हलत नाही. पण मुलीला आणि नवऱ्याला हे कसं शिकवायचं? ज्यांच्या घरी लहान मुलं आणि रॉटी दोन्ही आहेत त्यांनी प्लीज लिहा.

तब्येतीचं सांगते. अण्णा गेल्यापासून आई त्याला लाडाने दूधभाकरी घालत बसली, बरगड्या हाताला लागत नाहीत. या जातीत नराचं साधारण ५० किलो धरतात, व्हेटने ७ किलो उतरवायला सांगितलंय. सकाळी उठताना मागचा डावा पाय जपून टेकतो, खुब्याचा एक्सरे काढायचाय, हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) या जातीत बराच आढळतो म्हणे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे पण लाईट गेली की जिना. घरात सगळीकडे गुळगुळीत टाईल्स, त्यावर काय अंथरता तुम्ही? खाणं दोन वेळा विभागून देतोय आणि खाल्ल्यावर तासभर पळू देत नाही, कारण छाती खोल असलेल्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडतो आणि ती जिवावरची इमर्जन्सी असते.

सोसायटीचे चेअरमन म्हणाले ही जात बॅन आहे. माझ्या माहितीप्रमाणे मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींबद्दल पत्रक काढलं होतं, त्यात रॉटवायलर होता, पण पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं. महापालिकेचा परवाना काढतेय, रेबीजची लस झालेली आहे, लिफ्टमध्ये तोंडाला जाळी लावायची माझी तयारी आहे. भांडण करायचं नाहीये, शेजाऱ्यांची भीती खोटी आहे असंही मी म्हणत नाही. कुणी सोसायटीशी बोलून हे शांतपणे जमवलंय का?

आणि पुण्यात मारझोड न करता शिकवणारा, मोठ्या कुत्र्यांचा अनुभव असलेला ट्रेनर माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. शॉक कॉलरवाला नको.

अपडेट: दोघातिघांनी विचारलंय म्हणून लिहिते, माझं ऐकतो का. बस आणि थांब ऐकतो, पण अण्णांच्या शब्दात, म्हणजे ‘बैस रे बाळा’ म्हटलं तरच. नवऱ्याने काल फोनवर ते पाठ करून घेतलंय. आई १५ तारखेला येतेय. त्याआधी दोन शनिवार-रविवार मी मुलीला घेऊन बागेत जाऊन राहणार आहे. पहिल्या दिवशी दोघांना मोकळं सोडायचं का, की पट्टा माझ्या हातात ठेवून तिला लांब बसवायचं, एवढं तरी आज कुणीतरी सांगा.