मदत हवी आहे : युफोर्बियाची पाने पिवळी पडत आहेत, बुंधा काळा पडला आहे

मालवकन्या
माझ्याकडील युफोर्बियाची खालची पाने पिवळी पडून गळत आहेत आणि एका रोपाचा बुंधा मातीलगत काळा व मऊ झाला आहे. पाणी बेताचेच देते, खतही दिलेले आहे. रोपवाटिकेत विचारले असता बुरशीनाशकाची पुडी मिळाली, पण तिचा काहीही उपयोग झाला नाही. उरलेली रोपे हातची जाण्यापूर्वी नेमके काय करावे, ते कृपया लवकर सांगावे.

काटेप्रेमी
ताई, काळजी करू नका. वरचा निरोगी शेंडा धारदार सुरीने कापा, कापलेली बाजू पाण्यात बुडवून चीक थांबू द्या, काही दिवस सावलीत सुकवा आणि जाड वाळूत खोचा. हे काटेरी झाड, म्हणजे युफोर्बिया मिली, मूळचे मादागास्करचे असून रीयुनियन बेटाचे गव्हर्नर मिलियस यांनी 1821 मध्ये ते फ्रान्सला नेले, म्हणून त्याच्या नावात ‘मिली’ आहे. आमच्याकडे ते बाराही महिने फुललेले असते आणि पाणी विसरले तरी कधी रुसत नाही.

गच्चीवरची_बाग
काटेप्रेमी, त्यांचे झाड काटेरी आहे असे त्यांनी कोठेही लिहिलेले नाही. युफोर्बिया या एका प्रजातीत सुमारे 2000 जाती येतात. कुंपणाचा शेर, पावसाळ्यात आपोआप उगवणारे दुधी हे तण आणि नाताळात लाल होणारा पॉइन्सेटिया हे सारे त्यातलेच आहेत, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. ताई, जात कोणती, रोपे कुंडीत आहेत की वाफ्यात, माती कशी आहे आणि गाव कोणते, एवढे आधी कळू द्या.

मालवकन्या
काटे अजिबात नाहीत. जात पॉलिक्रोमा आहे. भावाने जर्मनीहून बी पाठवले होते. त्याच्या अंगणात हे झाड दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत पिवळ्याधमक घुमटासारखे फुलते आणि बर्फ पडूनही मरत नाही. मी इंदूरला राहते. गेल्या हिवाळ्यात बी उगवले, रोपे अंगणातील वाफ्यात लावली, माती आपली नेहमीची काळी आणि त्यात भरपूर शेणखत. उन्हाळाभर रोपे ठीक होती, पाऊस सुरू झाल्यापासून हे चालले आहे. एवढे चिवट झाड आपल्याकडेच का मरावे?

कंपोस्ट_इंदुरी
माती जिवंत नसेल तर औषधे ओतून काहीही होणार नाही. आपण इंदूरच्या आहात, म्हणून आवर्जून सांगतो. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 पासून आपल्याच गावातील वनस्पती-उद्योग संस्थेत राहून काडीकचरा आणि शेण यांचे थर रचून कंपोस्ट करण्याची रीत बसवली, आणि ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. मी घरामागे त्याच रीतीने खत करतो. आपण ते प्रत्येक रोपाला दोन घमेली घाला, माती भुसभुशीत होईल.

गच्चीवरची_बाग
हॉवर्डांच्या कामाविषयी मला मनापासून आदर आहे, पण खताची गरज त्यांना भाजीपाल्याला आणि कापसाला सांगायची होती, या झाडाला नव्हे. पॉलिक्रोमा मध्य आणि आग्नेय युरोपातील. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत ते सुखाने राहते आणि सकस, ओलसर मातीत लुसलुशीत होऊन कोलमडते.

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘चिवट’ या शब्दाच्या आड दडलेले आहे. ते झाड उणे 30 अंशांच्या आसपासची थंडी सोसते, कारण हिवाळ्यात त्याचा वरचा भाग वाळून जातो आणि मुळे विश्रांती घेतात. उष्ण-दमट हवा मात्र त्याला मानवत नाही. आपल्या काळ्या मातीत पावसाचे पाणी दिवसचे दिवस साचून राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुंधा कुजतो. वर बुरशीनाशक मारून खालचे पाणी हटत नाही.

कंपोस्ट_इंदुरी
चांगल्या कंपोस्टने चिकट मातीचाही निचरा सुधारतो, हे आपणास नाकारता येणार नाही.

गच्चीवरची_बाग
सुधारतो, हे मान्य. पण तो परिणाम दिसायला काही हंगाम जातात, आणि ऐन आषाढात ते खत पाणीच धरून ठेवील. रोपे आज कुजत आहेत.

नियमप्रिय
परदेशातून असे कागदपत्रांविना बी टपालाने मागवणे नियमांत बसत नाही, हे येथे कोणीही लिहिलेले नाही. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बियाण्यासोबत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, कारण बियांबरोबर रोगही येतात. पुढच्या वेळी भावास हे अवश्य कळवावे.

मालवकन्या
ते कळवीन. सध्या रोपांचे काय करू, एवढेच मला हवे आहे.

गच्चीवरची_बाग
काळा पडलेला बुंधा वाचणार नाही, ते रोप मातीसह उपटून टाका. बाकीची हलक्या हाताने काढा, कुजलेली मुळे कापा आणि मोठ्या भोकांच्या मातीच्या कुंडीत लावा. निम्मी जाड वाळू किंवा बारीक मुरूम, बाकी साधी माती, शेणखत मुळीच नको. कुंडी पागोळ्या पडणार नाहीत अशा उजेडाच्या पडवीत ठेवा आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नका. निरोगी शेंडे असतील तर काटेप्रेमी यांनी सांगितलेल्या रीतीने चीक थांबवून एखाद-दुसरा खोचून पाहा, तो उपाय येथेही करून पाहण्याजोगा आहे.

सुरक्षित_बागकाम
हे सारे करताना हातमोजे आणि चष्मा अवश्य घाला. याचा चीक त्वचेला झोंबतो आणि डोळ्यात गेल्यास बुबुळाला सूज येते. तसे झाल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवून लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. त्याच हातांनी डोळे पुसण्याची सवय सर्वांत घातक आहे.

मालवकन्या
आजच पडवीत हलवते. पण मग भावाकडच्यासारखा पिवळा घुमट इंदूरला दिसेल का?

गच्चीवरची_बाग
खरे सांगायचे तर मला शंका आहे. तो पिवळा रंग पाकळ्यांचा नसून फुलांभोवतीच्या छदांचा, म्हणजे पानांसारख्या भागांचा, असतो आणि ती छदे हिवाळ्याची विश्रांती संपल्यावर येतात. इंदूरच्या थंडीत रात्रीचे तापमान साधारण 10 अंशांपर्यंत उतरते, तेवढ्यावर ही विश्रांती पुरी होईलसे वाटत नाही. शिवाय बियांपासून आलेले रोप बहुधा पहिल्या वर्षी फुलत नाही. कुंडीत हा पावसाळा निभावला तर येत्या हिवाळ्यात तिला घरातील सर्वांत थंड, उघड्या जागी ठेवा, पाणी अगदी कमी करा, आणि मार्चमध्ये नवे कोंब फुटले तर येथे कळवा.