ईबुक विकताना 'स्क्रीन रीडरवर वाचता येतं का' हे लिहिणं सक्तीचं असावं का?

कानसेन

मी पूर्ण अंध आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे स्क्रीन रीडर वापरतो: मोबाइलवर टॉकबॅक, लॅपटॉपवर एनव्हीडीए. मराठी पुस्तकं विकत घेऊन वाचायची हौस आहे आणि तेवढी ऐपतही आहे. माझं म्हणणं एवढंच की पैसे भरायच्या आधी पुस्तकाच्या माहितीत एक ओळ दिसली पाहिजे: हे स्क्रीन रीडरला वाचता येतं की नाही. ती ओळ नसेल आणि पुस्तक वाचता आलं नाही, तर पैसे बिनबोभाट परत.

मराठी ईबुकं विकणाऱ्या एका ॲपवरून (नाव घेत नाही) मध्यंतरी एक प्रवासवर्णन घेतलं. पुस्तक सापडलं, पण त्याखालची सगळी बटणं टॉकबॅकच्या लेखी 'अनलेबल्ड बटन'. त्यातलं खरेदीचं कोणतं हे चाचपून शोधलं. पिन टाकताना इयरफोन लावावाच लागतो, कारण टॉकबॅक बोटाखालचा आकडा मोठ्याने सांगतो आणि बसमध्ये शेजारच्याला तो ऐकवायची हौस मला नाही. पैसे गेले, पुस्तक आलं, उघडलं. 'पान एक, इमेज.' बोट सरकवलं. 'पान दोन, इमेज.' अख्खं पुस्तक असंच. तक्रार केली तर उत्तर आलं की डिजिटल वस्तू परत घेत नाही, फॉन्ट मोठा करून बघा.

फॉन्ट मोठा करून!

याउलट ॲमेझॉनच्या किंडलवर बऱ्याच पुस्तकांच्या तपशिलात 'स्क्रीन रीडर: सपोर्टेड' अशी ओळ असते आणि नमुना फुकट उतरवून ऐकता येतो. तिथे मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरात आली. म्हणजे मराठीत हे जमत नाही असं कोणी सांगू नये.

छापखाना

लहान प्रकाशक म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमची जुनी पुस्तकं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये श्रीलिपी फॉन्टात लावलेली. काहींची तर फाइलही उरलेली नाही, छापील प्रत स्कॅन करून पीडीएफ केली आणि ईबुक म्हणून चढवली. महिनाकाठी त्यातून जे येतं त्यात चहापाणीही सुटत नाही. वर छापील पुस्तकाला जीएसटी शून्य आणि ईबुकला मात्र लागतो. २०१८ मध्ये तो १८ वरून ५ टक्क्यांवर आणला एवढीच मेहेरबानी, तीही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरती. आता आणखी सक्ती आणलीत तर आम्ही ईबुकच बंद करू. मग डोळस वाचकालाही मिळणार नाही आणि तुम्हालाही नाही.

दुसरं, मजकूर निवडता येईल अशी फाइल दिली की दुसऱ्या दिवशी ती टेलिग्रामवर. आणि तुमच्यासाठी सरकारने सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय काढलंय की. तिथे तर फुकट मिळतं.

कानसेन

काका, टेलिग्रामवर काय फिरतं ते एकदा बघा. बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफच, म्हणजे चित्रंच. चोराला चित्र चालतं, कारण त्याला डोळे आहेत. तुमच्या चित्रामुळे अडतो तो पैसे देऊन घेणारा मी.

सुगम्य पुस्तकालयाबद्दल मला आदर आहे. २०१६ पासून ते चालू आहे आणि माझ्यासारख्या अनेकांचं शिक्षण त्यावर झालं. पण तिथे पुस्तक यायला आधी कोणीतरी ते स्कॅन करून तपासून चढवावं लागतं. दिवाळीत निघालेली कादंबरी मला दिवाळीतच वाचायची असेल तर काय करू? सगळे बोलून मोकळे झाले की मग माझा नंबर?

खिळेजुळारी

डीटीपीत आयुष्य गेलं म्हणून मधे पडते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी 'क' नावाचं अक्षरच नसतं. रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. कागदावर सुबक छापून येतं, पण एनव्हीडीए मूळ चिन्हं वाचतो आणि कानसेनना 'डॉलर, कंस, ओ, टक्का' असलं काहीतरी ऐकू येतं. म्हणजे पानाची इमेज नसली तरी पुस्तक वाचता येईल असं नाही.

यावर सगळे म्हणतात, जुना मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला संगणकात स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीत) बदलणारा कन्व्हर्टर लावा. लावा की! पण त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. कन्व्हर्टर जरा चुकला की 'सर्व'चं 'सवर्' होतं, 'वर्ष'चं 'वषर्', 'कार्य'चं 'कायर्'. शोधा-बदला करून निम्मं सुटतं, उरलेलं माणसाला ओळ न् ओळ वाचून काढावं लागतं. तीनशे पानांच्या पुस्तकाला प्रूफरीडरची मजुरी कोण देणार, हा काकांचा प्रश्न खोटा नाही.

पण आज नवीन निघणारं पुस्तक युनिकोडमध्ये न लावायला काहीही कारण नाही. पानं लावायच्या इनडिझाइन प्रोग्रॅममध्ये २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपासून देवनागरी नीट बसते. अजून जुने फॉन्ट चालतात ते 'ऑपरेटरचा हात बसलाय' म्हणून, आणि प्रकाशक विचारत नाहीत म्हणून.

आडवाफाटा

मीही अंध, पण मला कानसेनचं पटत नाही. दुकानदाराच्या मिनतवाऱ्या कशाला? छापील प्रत घ्यायची, मोबाइलने पानांचे फोटो काढायचे, ओसीआर करायचं (म्हणजे फोटोतली अक्षरं मजकुरात बदलायची), वाचायचं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तीला वाचता येईल अशी प्रत करून घ्यायला मुभा आहे. अंधांना वाचता येतील अशा प्रती करायला वाट देणारा मराकेश करार २०१३ चा, त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. कायद्याने हात मोकळे केलेत आणि आपण 'ओळ लिहा, ओळ लिहा' करत बसलोय. उद्या ओळ लिहितीलही, 'वाचता येत नाही' अशी. मग काय मिळवलंत?

शनिवारपेठ

आडवाफाटा, तुम्ही पान सरळ धरता, पुस्तकाचा कणा दाबून फोटो काढता, सगळं मान्य. मी ऑफिस, स्वयंपाक, मुलगी यातून हे करते. एक पुस्तक म्हणजे कितीतरी संध्याकाळी. त्यात कणा घट्ट शिवलेला असला की आतल्या बाजूचे शब्द वाकतात आणि ओसीआर ते गिळून टाकतं. कवितेच्या ओळी एकमेकींत घुसतात, तळटीप मधेच परिच्छेदात येऊन बसते. डोळस माणूस पुस्तक विकत घेतो आणि वाचतो. मी विकत घेते, मग तयार करते, मग दुरुस्त करते आणि वेळ उरला तर वाचते. कायद्याने दिलेली ही मुभा नसून बिनपगारी नोकरी आहे.

आणि 'वाचता येत नाही' अशी ओळ मला चालेल. निदान पैसे वाचतील.

श्रवणभक्त

एवढी डोकेफोड कशाला? ऑडिओबुकं आहेत ना. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं ते मराठी घेऊनच. चांगले नट वाचतात, कंटाळा येत नाही. यंत्राच्या रडक्या आवाजापेक्षा शंभर पटींनी बरं. 'चहा'तला आणि 'चमचा'तला 'च' तरी यंत्राला वेगळा काढता येतो का?

मु_पो_मिरज

श्रवणभक्त, मी मराठीत एमए करतोय, दृष्टी दहा टक्क्यांच्या आत. प्रबंधिकेत अवतरण द्यायचं तर पान क्रमांक लागतो. लेखकाने 'ऱ्हस्व' लिहिलंय की 'र्‍हस्व' की 'ह्रस्व' हे अक्षराअक्षराने तपासावं लागतं. नट कितीही चांगला असला तरी ते सांगत नाही. आणि समीक्षेची पुस्तकं कोण रेकॉर्ड करतंय? चालणाऱ्या कादंबऱ्या होतात, बाकीच्यांना कोणी विचारत नाही. रडक्या आवाजाचं म्हणाल तर मी तो इतक्या वेगाने लावतो की माझ्या रूममेटला भांडण चालल्यासारखं वाटतं. सवयीचा प्रश्न आहे.

बाराखडी

कायद्याच्या बाजूने थोडं. ही भांडणं जुनी आहेत. २००९ मध्ये किंडल २ ला पुस्तक मोठ्याने वाचायची सोय दिली तेव्हा अमेरिकेतली लेखकांची संघटना ऑथर्स गिल्ड भडकली, की हे तर ऑडिओबुकचे हक्क फुकटात घेणं झालं. ॲमेझॉनने माघार घेऊन ही सोय चालू ठेवायची की बंद, हे पुस्तकागणिक प्रकाशकांवर सोडलं. अंध वाचकांनी न्यूयॉर्कमध्ये गिल्डच्या कचेरीसमोर निदर्शनं केली.

युरोपात २८ जून २०२५ पासून ईबुकं आणि ती विकणारी दुकानं अपंगांना वापरता येतील अशी असणं बंधनकारक झालं. मात्र दहापेक्षा कमी माणसांच्या, छोट्या उलाढालीच्या सेवा-संस्थांना त्यातून सूट आहे. म्हणजे काका तिथे असते तर बहुधा सुटले असते. मला वाटतं तसंच इथे करावं. सक्ती दुकानावर असावी, प्रकाशकावर नाही. बटणांना नावं द्यायला दुकानाला काहीही धाड भरत नाही.

छापखाना

बाराखडींचं पटतं. ओळ लिहायला माझी हरकत नाही. 'स्कॅन प्रत, स्क्रीन रीडरवर चालणार नाही' असं माझ्या जुन्या पुस्तकांखाली टाकायला मी आजच दुकानाला कळवतो. नव्यांचा नमुनाही दहा पानांचा ठेवू. पण पैसे परत नाही. लोक रात्रीत पुस्तक वाचतात आणि सकाळी 'उघडत नाही' म्हणून पैसे मागतात, हे मी भोगलंय.

कानसेन

नमुना दहा पानांचा, ठीक. पण ती दहा पानं पुस्तकातलीच हवीत. मुखपृष्ठ, हक्कपृष्ठ, अर्पणपत्रिका आणि कोऱ्या पानांत दहा संपतात. आणि परताव्याचं मी सोडत नाही. ज्या पुस्तकाखाली ओळच नाही, तिथे जोखीम विकणाऱ्याची. तुम्ही ओळ लिहिणार असाल तर तुम्हाला घाबरायचं कारणच काय?

छापखाना

दुकानदार पैसे परत देताना माझ्या हिशेबातून कापतो, स्वतःच्या नाही. त्याने ओळ टाकायची राहून गेली तर भुर्दंड मला. आधी ते मिटवा, मग बोलू.

खिळेजुळारी

काका, तोवर एक श्रीलिपी फाइल माझ्याकडे पाठवा. मी युनिकोड करून ईपब (ईबुकची फाइल) बनवते, कानसेन आणि शनिवारपेठ वाचून चुका काढतील. किती वेळ लागतो ते इथेच लिहू, म्हणजे मजुरीचा आकडा तरी हवेतला राहणार नाही. कवितासंग्रह पाठवू नका, गद्य पाठवा. आणि तळटिपा कमी असलेलं.