मदत हवी आहे: प्वारोनंतर आईसाठी काय लावू?

नमस्कार मंडळी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, अजून महिनाभर तरी ती घरातच आहे. डेव्हिड सुशेचा प्वारो (गुप्तहेराची इंग्रजी टीव्ही मालिका, १९८९ ते २०१३, एकूण ७० भाग!) आम्ही दोघींनी मिळून संपवला. शेवटच्या भागाला आईचे डोळे भरून आले. त्याआधी जेरेमी ब्रेटचा होम्सही झालाय. माझ्या मते त्याच्यासारखा होम्स दुसरा नाही.

आता तिला खून नकोत. 'गावाकडचं, माणसांचं काहीतरी लाव' म्हणते. म्हणून यॉर्कशरमधल्या गुरांच्या डॉक्टरांची 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' लावायचा विचार आहे. पण १९७८ची जुनी लावू की २०२०ची नवी? नवीतलं चित्रण देखणं आहे, पण जुनी मूळ पुस्तकांच्या जास्त जवळची आहे का? की आधी जेम्स हेरियटची ती मूळ पुस्तकंच वाचून दाखवू? आईला इंग्रजी वाचता येतं, पण यॉर्कशरचे उच्चार कानाला जड जातात, त्यामुळे सबटायटल्स हवीतच.

ज्यांनी दोन्ही पाहिल्यात त्यांनी कृपया सांगा. अशाच धाटणीचं आणखी काही असेल तर तेही सुचवा, फक्त शेवट फार दुःखी नको.