‘सुटला’ म्हणायचं की आणखी काही? अपिलाच्या निकालातले शब्द

मालवणहून:
आमच्या वाडीतल्या एकाला सत्र न्यायालयानं खुनाबद्दल जन्मठेप दिली होती. आठ वर्षं तो आत होता. गेल्या महिन्यात अपिलाचा निकाल लागला आणि तो घरी आला. परवा मासळी बाजारात तो बांगडे घेत होता, आणि त्याच्या पाठीमागे दोघं बोलत होते, “सुटलो मा तो?” त्याला ते ऐकू गेलं. पिशवी तशीच धरून तो क्षणभर उभा राहिला आणि पैसे देऊन निघून गेला. बांगडेवालीनं मला विचारलं, “म्हणजे तेणा केल्यान नाय?” मला पटकन उत्तर देता आलं नाही.

एका स्थानिक पेपरातला मथळा होता ‘संशयाचा फायदा घेत आरोपी सुटला’. दावं सुटतं, गाडी सुटते, चोर तावडीतून सुटतो. माणसाबद्दल ‘सुटला’ म्हटलं की त्यानं केलं होतं आणि निसटला, असंच कानाला लागतं. मग बरोबर शब्द कोणता? निर्दोष, दोषमुक्त, की शिक्षा रद्द?

रत्नागिरीहून:
वकिलांच्या ऑफिसात वीस वर्षं कारकुनी करतोय, म्हणून लिहितो. ‘शिक्षा रद्द’ एवढंच लिहिणं अपुरं आहे. अपील कोर्ट दोषसिद्धी उलटवून आरोपीला सोडू शकतं, फेरखटल्याचा हुकूम देऊ शकतं, किंवा गुन्ह्याचं कलम बदलू शकतं. हे तिसरं फार वेळा होतं. खून धरलेला असतो, अपिलात तो सदोष मनुष्यवध ठरतो (भारतीय दंड संहितेचं जुनं ३०२ जाऊन ३०४, १ जुलै २०२४पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं १०३ आणि १०५). शिक्षा कमी होते, माणूस दोषीच राहतो, आणि पेपरात छापून येतं ‘खुनातून सुटका’.

‘दोषमुक्त’चा घोळ त्याहून मोठा. कायद्याच्या मराठी मजकुरात दोषमुक्ती म्हणजे खटला पुरा चालून आरोपीला सोडणं. पेपरवाले मात्र कोर्टानं आरोप ठेवण्याआधीच सोडलं तरी दोषमुक्तच लिहितात. दोन्हींत फरक आहे. आरोप ठेवण्याआधी सोडलेल्यावर नवा पुरावा सापडला तर पुन्हा खटला उभा राहू शकतो. खटला चालून सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी नव्यानं खटला भरता येत नाही. सरकार किंवा पीडित वरच्या कोर्टात अपील करू शकतात, तेवढंच.

जाता जाता, आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची उच्च न्यायालयातली अपिलं १८ ऑगस्ट २०२५पासून त्या न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. रायगडची अजून मुंबईलाच. लोक सवयीनं ‘मुंबईक अपील घातला’ म्हणतात, ते आता बदलायला हवं.

देवगडहून:
मी मराठी शिकवते. मला ‘सुटला’पेक्षा ‘संशय’ खुपतो. मराठीत संशय दोन अर्थी चालतो. पुराव्याबद्दल मनात येते ती शंका हाही संशय, आणि माणसावर घेतला जातो तोही संशयच. ‘संशयित’ हा शब्द दुसऱ्या अर्थातून आलाय. म्हणून ‘संशयाचा फायदा’ वाचताना लोकांना वाटतं की कोर्टाचा त्याच्यावर अजून संशय आहे, आणि वर त्याला फायदाही मिळाला! कोर्टाला शंका होती ती पुराव्याबद्दल. ‘पुराव्याबाबत शंका राहिल्याने’ असं लिहिलं तर निम्मा घोटाळा जाईल. ‘फायदा घेत’ तर पूर्ण चूक, कारण आरोपी तो घेत नाही, कोर्ट देतं.

रत्नागिरीहून:
ताई, अगदी खरं. शरद बिरधीचंद सारडा खटल्यात (पत्नीच्या खुनाचा आरोप होता) खालच्या कोर्टाची फाशी उच्च न्यायालयानं कायम केली होती, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याचे, म्हणजे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून जुळवलेल्या पुराव्याचे, पाच दंडक त्याच निकालात घालून दिलेत. ‘केलं असू शकेल’ आणि ‘केलं असलंच पाहिजे’ यांतलं अंतर मोठं आहे, यावर त्यात भर आहे.

देवगडहून:
आणि मराठीत ते अंतर क्रियापदातच आहे. ‘तो घरी असावा’ हा अंदाज. ‘दिवा लागलाय, म्हणजे तो घरी असला पाहिजे’ हा तर्क, तरी बाहेरूनच केलेला. ‘तोच आहे, दुसरं कुणी असूच शकत नाही’ इथं पोचलं तरच शिक्षा. आपण चावडीवर बोलताना ‘त्यानंच केलं असणार’ म्हणतो आणि तिथंच थांबतो. कोर्टाला तिथं थांबता येत नाही.

चिपळूणहून:
‘निर्दोष ठरला’ चालेल ना?

रत्नागिरीहून:
चालतं, सगळे लिहितातही. पण दोष सिद्ध होईपर्यंत तो निर्दोष धरलेलाच असतो. ते त्याला ठरवून घ्यावं लागत नाही. आमच्याकडे जुने अशील ‘शाबीत झाला नाय’ म्हणायचे. मला तो शब्द नेमका वाटतो.

मालवणहून:
आज बाजारात गेलो आणि बांगडेवालीला सांगितलं, “तेच्यावरचो गुन्हो शाबीत झालो नाय.” ‘शाबीत’ तिला समजावून सांगावा लागला नाही. टोपलीवर पाणी मारता मारता ती म्हणाली, “मगे तेची आठ वर्सां कोण देतलो?”

त्या पेपराला दुरुस्तीचं पत्र लिहिलंय. मथळा सुचवला आहे, ‘अपिलात गुन्हा शाबीत नाही, जन्मठेप रद्द, आठ वर्षांनी घरी’.