ॲक्टिंग, इंटरिम, केअरटेकर: सगळेच ‘प्रभारी’ काय?

सर, पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज इंग्रजीत भरायचा आहे. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्क्यावर ‘प्र. मुख्याध्यापक’ आहे. ॲक्टिंग लिहू, इंटरिम की केअरटेकर? डिक्शनरीत तिन्हींपुढे ‘तात्पुरता’च दिसते.

— इन-चार्ज किंवा ॲक्टिंग लिहा. केअरटेकर मुळीच नको, शाळेच्या किल्ल्या सांभाळणारा बाबा वाटेल.

किती दिवसांसाठी नेमला ते सोडा. त्या खुर्चीवरून काय काय करता येते ते पाहा. ॲक्टिंगवाल्याची सही पूर्ण चालते. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले, तेव्हा उपराष्ट्रपती गिरी ॲक्टिंग राष्ट्रपती झाले. जुलैत त्यांनी राजीनामा दिला, मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला आले (एके काळी आपल्या नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश). नवे राष्ट्रपती येईपर्यंत महिनाभरच होते, पण अधिकार सगळे राष्ट्रपतीचे.

केअरटेकर म्हणजे काळजीवाहू. राजीनामा दिलेलं सरकार नवं येईपर्यंत रोजचा कारभार पाहते. मोठे निर्णय घेऊ नयेत, असा संकेत आहे. हा शब्द राज्यघटनेत नाही, तरी पेपरात रोज सापडतो. इंटरिम म्हणजे जुनं सुटलं, नवं बसलं नाही, त्या मधल्या काळातला. २ सप्टेंबर १९४६ चं अंतरिम सरकार तसंच.

प्रो-टेमला आपण ‘हंगामी अध्यक्ष’ म्हणतो. नव्या आमदारांना शपथ द्यायची, अध्यक्षाची निवड पार पाडायची, की काम संपलं. हा ‘हंगामी’ मला खटकतो. जिनिंगवर कापसाच्या दिवसांत लागणारा माणूस हंगामी, कारण पुढच्या दिवाळीनंतर त्याला परत बोलावणं येते. सभागृहात कोणता हंगाम? पण शब्द रुळला, आता निघत नाही.

आणि ‘कार्यकारी’पासून सांभाळून. कार्यकारी अभियंता हा ॲक्टिंग नसतो, एक्झिक्युटिव्ह असतो. पक्षाचा ‘प्रभारी’ही तात्पुरता नाही, त्याच्याकडे राज्याची जबाबदारी असते.

— मंग आमच्या तलाठ्याले काय म्हनाव सर? त्याच्याकडं आपला साझा धरून तीन हायेत. सातबाऱ्यासाठी गेलो का मानूस दुसऱ्याच गावात.

— ते अतिरिक्त कार्यभार, इंग्रजीत ॲडिशनल चार्ज. आपली खुर्ची न सोडता दुसऱ्याचीही सांभाळायची. त्याच्यापुढे ॲक्टिंग लावू नका, स्वतःच्या साझ्यात तो पक्का तलाठी आहे.