भूत नाही, बाप घाबरवतो

स्टीफन किंगची भयकादंबरी 'पेट सेमेटरी' फार स्लो आहे, अर्धं पुस्तक संपलं तरी भूत येत नाही असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. (स्पॉयलर आहेत हां.) अहो गोष्टीतला बाप लुई स्वतः डॉक्टर, मेलेलं माणूस मेलेलंच राहतं हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, मेलेल्याला जिवंत करणाऱ्या एका जागी पुरलेलं मांजर परत आल्यावर त्याला येणारा मातीचा घाण वास, ते उंदीर-पक्षी फाडणं सगळं बघितलंय, आणि तरी धाकट्या पोराला, गेजला, ट्रकने उडवल्यावर हा बाबा त्यालाही त्याच जागी नेऊन पुरायला फावडं घेऊन कबरस्तानात जातोच! फसला वगैरे नाही, माहीत असून गेला. पोराला उकरून काढायचा भाग मला वाचवेना, रात्री दोनला पुस्तक पालथं ठेवलं न शेजारी झोपलेल्या लेकीचा श्वास नीट चालूय ना ते बघितलं.

किंगच्या घरासमोर खरंच असा ट्रकवाला रस्ता होता, मुलीचं मांजर त्यावर मेलं, धाकटा मुलगा थोडक्यात वाचला. लिहून झाल्यावर त्यालाच इतकं भयंकर वाटलं की बाड बाजूला टाकून दिलं, १९८३ मध्ये छापलं तेही जुन्या प्रकाशकाशी असलेल्या कॉन्ट्रॅक्टपायी. सिनेमा आधी बघू नका, १९८९ चा पण नाही.