अडगळीतून अंगणात : जुन्या वस्तूंच्या कुंड्या आणि मागीलदारची सजावट

मंडळी, गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या राजापूरच्या घराची कौलं उतरवली आणि वर पत्रे चढले. माळा रिकामा करताना कान तुटलेलं घंगाळ निघालं, तळ गेलेला बंब, जात्याचा फक्त खालचा दगड, लोणच्याच्या चार बरण्या आणि विहिरीवर रहाट होता तेव्हाचे मातीचे लोटे. भंगारवाला टेंपो घेऊन दारात उभाच होता. त्याने सगळ्याचा मिळून भाव सांगितला. आई काही बोलली नाही. एकेक बरणी उचलून तिने पडवीत नेऊन ठेवली. ते बघून मीही बाकीचं टेंपोतून उतरवून घेतलं.

त्या पावसाळ्यात मी हौसेने या भांड्यांत नऊ झाडं लावली. गणपतीपर्यंत पाच गेली. कुंड्यांविषयी जे वाचायला मिळतं, त्यात बहुतेक पाणी कसं टिकवायचं हेच असतं. आपल्याकडे कोकणात बऱ्याच ठिकाणी वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इथलं कुंडीतलं झाड बुडून मरतं. शिवाय खारा वारा आहे, वाळवी आहे. कोकणात राहून हे करणाऱ्यांचे अनुभव एका जागी असावेत असं फार वाटलं, म्हणून हा धागा.

जुन्या, टाकलेल्या, जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेल्या वस्तूंचं तुम्ही अंगणात काय केलंत ते लिहा. फसलेलं आधी लिहा, पाऊस तोंडावर आलाय. माझा पहिला प्रश्न बरण्यांचा. त्यांना तळाला भोक पाडायचं कसं?

रत्नागिरीहून

बरणीचं उत्तर माझ्याकडे आहे, एक बरणी फोडून मिळवलेलं. साध्या ड्रिलचा हॅमर चालू राहिला होता. दुसऱ्या धक्क्याला आजीची बरणी उभी चिरली.

आता असं करतो. टाईलवाले वापरतात तो हिऱ्याची कड असलेला पोकळ बिट आणायचा, 12 मिलिमीटरचा पुरतो. बरणी ओल्या गोणपाटावर पालथी घालायची. जिथे भोक हवं तिथे मळलेल्या मातीचं गोल आळं करायचं आणि त्यात पाणी भरायचं. हॅमर बंद, वेग सगळ्यात कमी. सुरुवातीला बिट जरा तिरपा धरायचा, म्हणजे गुळगुळीत झिलईवरून घसरत नाही. खाच पडली की हळूहळू सरळ करायचा. दाब द्यायचा नाही, ड्रिलचं वजनच पुरे. आळ्यातलं पाणी दुधासारखं पांढरं होतं, ते बदलत राहायचं. एका बरणीला मला वीस मिनिटं लागतात. शेवटच्या क्षणी हात आणखी हलका ठेवा, आरपार जातानाच कपचा उडतो.

एक भोक कोकणात पुरत नाही. तीन पाडा आणि बरणी जमिनीवर टेकवू नका, जांभ्याच्या तीन तुकड्यांवर ठेवा. खाली हवा खेळली नाही तर भोक असूनही पाणी अडतं.

मालवणहून

घंगाळाविषयी सांगते. मी तांब्याच्या घंगाळात थेट माती भरून तुळस लावली होती, वृंदावनाशेजारी शोभेल म्हणून. महिन्याभरात नवी पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी खत घालत बसले. सासूबाईंनी एकदा वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, तुळशीक तांबा बाधता. आधी भायर काढ तिका."

उपटली तर मुळं आखूड, काळसर आणि जाड झालेली. आपली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी, वर चार महिने ओली. कल्हई उडालेलं तांबं अशा मातीत विरघळत राहतं आणि मुळांना ते सोसत नाही. आता घंगाळ आहे, पण झाड आत प्लास्टिकच्या कुंडीत आहे आणि ती कुंडी करवंट्यांवर उभी आहे. घंगाळाला भोक पाडलं नाही. पावसाळ्यात ते पालथं घालून पडवीत ठेवते.

तांब्यातली दुसरी चूकही सांगून टाकते. दुसऱ्या घंगाळात पाणी भरून कुमुद लावलं, डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडले. तिसऱ्या दिवशी सगळे मासे तरंगत होते. तांबं माशांनाही विषच. तेच कुमुद मग गोठ्यातल्या दगडी डोणीत लावलं. गुरं गेली तेव्हापासून ती डोण कोरडी पडून होती. आता त्यात गप्पी इतके झालेत की वाडीतल्या तीन घरांना दिले.

दिवेआगरहून

आमच्याकडे वस्तू बाजारातून आल्या नाहीत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्यावरूनच गेलं. दुपारी बाहेर आलो तेव्हा वाडी आडवी झालेली होती. नारळ मुळांसकट उपटलेले, पोफळी मधोमध मोडलेल्या. वडिलांनी लावलेली पोफळ ओळीने पडलेली बघायची म्हणजे काय, ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात आणि चांगलं उत्पन्न यायला त्याहून जास्त.

खोडं कोणी विकत घेईना, सगळ्यांकडेच ढीग होते. पोफळीचं खोड आतून मऊ असतं, कडा तेवढी टणक. आमचे आजोबा त्याच्याच पन्हळी करून पाटाचं पाणी वाडीभर फिरवायचे. मी तसंच केलं. खोड उभं चिरलं, कोयतीने आतला भुसा खरवडून काढला आणि हातभर लांबीच्या पन्हळी केल्या. दर वितीवर भोक. तळाला नारळाची सोडणं, वर माती आणि शेणखत. आईने त्यात अबोली लावली. त्या वर्षी वाडीत दुसरं काही फुललं नव्हतं, त्या पन्हळींमधली अबोली तेवढी होती. आई रोज गजरा करायची.

टिकाऊपणाचं खरं सांगायचं तर जमिनीवर ठेवलेल्या पन्हळी दुसऱ्या पावसाळ्यात वाळवीने संपल्या. ओटीच्या वाशाला काथ्याने टांगलेल्या चौथ्या वर्षापर्यंत होत्या. सोडणं मात्र खाडीत कुजत घातलेली घेऊ नका. ती खारट असतात आणि रोपांच्या पानांच्या कडा जळतात. घ्यावीच लागली तर एक पावसाळा उघड्यावर धुऊ द्या.

हर्णैहून

आमच्या बंदरावर फाटलेली जाळी फुकट मिळते. मी मागीलदारी गडग्यावर, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणावर, नायलॉनचं जाळं लावून त्यावर कारली आणि पानवेल चढवली होती. दिसायला फार सुंदर. खालचं टोक जमिनीवर लोळत होतं, त्याकडे कधी लक्ष दिलं नाही.

श्रावणात एका सकाळी वेलाखाली सरसर आवाज आला. मोठी धामण जाळ्यात अडकली होती. पुढे जायला जोर करी तसतसा दोरा आणखी आत रुते. नायलॉन खवल्यांच्या खाली गेला होता, दोन ठिकाणी मांस दिसत होतं. सर्पमित्राला बोलावलं. तो आला तोवर मी तिच्यावर ओलं गोणपाट टाकून सावली केली होती. त्याने एका हाताने डोकं धरलं आणि मला लहान कात्री घेऊन एकेक दोरा कापायला सांगितलं. खवल्याखाली कात्रीचं टोक घालायचं, जरा वर उचलायचं, मग कापायचं. बत्तीस दोरे कापले, मी मोजत होते. सुटल्यावर ती जागच्या जागी दोन-तीन मिनिटं पडून राहिली, मग गडग्याच्या फटीत गेली. भातशेतीतले उंदीर खाणारं जनावर, माझ्या सजावटीपायी मेलं असतं.

त्या दिवशी सगळं जाळं उतरवलं. आता काथ्याची दोरी विणून मांडव करते. जाळं वापरायचंच असेल तर जमिनीपासून दोन हात वर, आणि ताणून बांधा.

बंदरावरची दुसरी वस्तू खरंच उपयोगी आहे, ती म्हणजे मासळीची थर्माकोलची पेटी. हलकी, उन्हात आतली माती तापत नाही. भोक तळाला न पाडता बाजूला दोन बोटं वर पाडते, म्हणजे खाली थोडं पाणी साठून राहतं. पावसाळ्यात तळालाही पाडावं लागतं. मेथी, मिरची, पुदिना छान येतो. बाहेरून जुन्या कापडावर सिमेंटचा पातळ लेप लावून पेटी झाकून घ्या. नाहीतर उन्हाने तिचे मणी सुटतात आणि वाऱ्याबरोबर समुद्रात जातात.

खेडहून

प्लास्टिकची निळी पिंपं घेताना जपा. मी जुन्या बाजारातून दोन आणली, आडवी कापून वांगी लावली. तीनदा धुतली होती, तरी आठवड्यात रोपं करपली. आत आधी काय भरलेलं होतं ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. रसायनाचं किंवा कीटकनाशकाचं पिंप खायच्या झाडांना नकोच. खाद्यतेलाचा डबा, काकवीचं पिंप, असं मूळ माहीत असलेलंच घ्या.

चिपळूणहून

22 जुलै 2021 च्या पुरानंतर आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना फ्रिज, कपाटं, गाद्या यांचे ढीग लागले होते. आमचा फ्रिज त्यातच होता. मेकॅनिककडून गॅस आणि कॉम्प्रेसर काढून घेतला, दार पूर्ण काढलं (लहान मुलं आत जाऊन अडकतात, दार ठेवू नका), पाठीवर आडवा करून तळाला आठ भोकं पाडली. कंबरेएवढ्या उंचीचा वाफा तयार झाला. माझ्या आईला वाकता येत नाही, तिला उभ्याने माती उकरता येते.

भरायला घरात शिरलेला वाशिष्ठीचा गाळच होता. त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं होतं म्हणून पहिली दोन वर्षं फक्त झेंडू आणि सदाफुली. तिसऱ्या वर्षापासून पातीचा चहा आणि आलं. बाहेरचा पत्रा गंजतोय, आतलं प्लास्टिक जसंच्या तसं आहे.

वेंगुर्ल्याहून

गंजाचा विषय निघालाच आहे तर. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पत्र्याची कुठलीही वस्तू इथे दोन वर्षांत चाळण होते. जस्ताचा मुलामा असलेली बादली जरा जास्त टिकते, पण भोक पाडलं की त्या कडेपासूनच गंज सुरू होतो, म्हणून कडेला लगेच रंग लावावा. टिकलं ते ओतीव लोखंड. शिलाई मशीनचा जुना स्टँड, वर जांभ्याची फरशी, त्यावर कुंड्या. सात वर्षं झाली. दर एप्रिलला तारेच्या ब्रशने घासून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून गंजरोधक रेडऑक्साइड आणि वर ऑइलपेंटचे दोन हात देतो. गोड्या पाण्याने धुणं चुकवू नका. मीठ आत राहिलं की रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

अलिबागहून

जुने दरवाजे-खिडक्या वेलींना लावणाऱ्यांसाठी. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती असेल सांगता येत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून खरवडा, तो चुरा मातीत पडू देऊ नका. माझ्या जुन्या खिडकीवर गोकर्ण आहे, पालेभाजी तिथून लांब.

गुहागरहून

राजापूरकर, कौलांचं काय केलंत? टाकू नका हो. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला. आमच्या घरावरच्या काही कौलांच्या पोटात त्या कारखान्याचा शिक्का अजून वाचता येतो. ती वेगळी ठेवली आहेत. बाकीची अर्धी पुरून वाफ्यांच्या कडा केल्या. पागोळ्यांखाली ओळीने टाकली तर माती उडून भिंत लाल होत नाही. फुटकी कुंडीच्या तळाला जातात.

एक कौल मात्र रोज बघते. पाऊस पडता पडता आंब्याची एक वठलेली फांदी पडली, तिला सीतेची वेणी, म्हणजे झाडांवर वाढणारी आमरी (ऑर्किड), धरलेली होती. फांदी कुजणार हे दिसतच होतं. कौलाच्या पोटात सोडणाचा तुकडा ठेवला आणि आमरीची मुळं सुतळीने हलकी बांधली. कौल पडवीच्या खांबाला उभं टांगलं, पूर्वेकडे. वर्षभर नुसती पानं होती. यंदा मेच्या शेवटी दोन वेण्या लोंबल्या, गुलाबी ठिपक्यांच्या. मुळं सुतळी सोडून कौलालाच चिकटली आहेत, भाजलेली माती त्यांना मानवलेली दिसते. झाडावरची धडधाकट आमरी कोणी तोडून आणू नका, पडलेलीच उचला.

राजापूरहून, पुन्हा

कौलं गोठ्यामागे रचून ठेवली आहेत, गुहागरच्या ताई. उद्या एकेक उलटून शिक्का बघतो.

काही जणांनी टायरच्या कुंड्यांचं विचारलंय. टायर मी काढून टाकले. आतल्या खोबणीत पाणी राहतं आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डेंग्यूचा डास तयार होतो. बाकी ज्या भांड्यात पाणी साठू शकतं ती सगळी दर शनिवारी पालथी घालतो आणि आतून घासतोही, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

रत्नागिरीकर दादा, आज सकाळी तुमच्या पद्धतीने पहिली बरणी घेतली. मातीचं आळं आईने करून दिलं आणि पाणीही तीच बदलत होती. तिसऱ्या भोकाला बिट आरपार गेला तेव्हा तिने तळाखाली हात धरला आणि वरून तांब्याभर पाणी ओतायला सांगितलं. पाणी तिच्या तळहातावर तीन धारांनी आलं. या बरणीत अनंत लावतोय. अजून तीन बाकी आहेत.